मंदीत दोन सीटची गाडी कोण घेणार?

वळणवेडा (पुणे)

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो.

ऑडी टीटी २०२३ मध्ये बंद झाली. शेव्हरले कॅमारोही गेली. पोर्शेच्या पेट्रोलवरच्या ७१८ बॉक्स्टर आणि केमनचं उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. फोर्डची फिएस्टा एसटी इतिहासजमा झाली, ह्युंदाईची आय२० एन युरोपातून गेली. आज पगारदार माणसाने नवी कोरी घ्यावी अशी हलकी, मागच्या चाकांवर पळणारी, हाताने गिअर टाकायची गाडी जगभरात शोधली तर माझदाची एमएक्स-५ म्हणजे मियाटा, टोयोटाची जीआर८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड, एवढीच नावं पटकन आठवतात. मस्टँग आहे, पण तिचं वजन आणि किंमत दोन्ही हाताबाहेर चाललंय.

त्यात अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये आयात गाड्यांवर २५ टक्के जादा कर लावला. जपानसाठी तो सप्टेंबरात १५ टक्क्यांवर आला, पण आला तो आलाच. वरच्या तिन्ही गाड्या जपानमध्ये बनतात आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. नोकरकपातीच्या बातम्या इथे हिंजवडीतही जेवणाच्या टेबलावर रोज निघतात. अशा वेळी दोन सीटची गाडी घ्यायचा विचार कोण करणार?

तरी माझं म्हणणं असं की मंदी स्पोर्ट्स कारला मारत नाही. कंपनीत ती गाडी कोणाची होती, तिच्यासाठी कोण भांडणार होतं, एवढंच मंदीत उघडं पडतं.

२००८ बघा. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख गाड्या खपल्या होत्या, २००९ मध्ये १ कोटी ४ लाख. होंडाने २००८ च्या डिसेंबरात फॉर्म्युला वन सोडलं, नवी व्ही१० इंजिनाची एनएसएक्स गुंडाळली आणि २००९ मध्ये एस२००० सुद्धा बंद केली. मियाटालाही झळ बसली. अमेरिकेत २००७ मध्ये ती १५ हजारांच्या आसपास गेली होती, २०१० मध्ये सहा हजारांच्या थोडी वर. वर फोर्डने नोव्हेंबर २००८ मध्ये माझदातला आपला हिस्सा ३३ टक्क्यांवरून १३ च्या आसपास आणला. म्हणजे खप निम्म्याहून खाली आणि इतकी वर्षं पाठीशी असलेला मोठा भाऊ घराबाहेर. कुठल्याही हिशेबनीसाने ती गाडी तिथेच बंद केली असती. हिरोशिमात, माझदाच्या घरी, ती केली नाही. २०१४ मध्ये त्यांनी चौथी पिढी दाखवली, आधीच्या गाडीपेक्षा शंभरेक किलो हलकी. खर्च वाटून घ्यायला फियाटला जोडीला घेतलं. १२४ स्पायडर त्याच कारखान्यात, त्याच सांगाड्यावर बनली.

माझ्याकडे यातली एकही नाही. बारा वर्षं जुनी टर्बो हॅचबॅक आहे. पण पहाटे पावणेसहाला मुळशी धरण मागे टाकून ताम्हिणीत शिरावं, काच खाली, रस्ता ओला, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना उजव्या टाचेने ॲक्सिलरेटरला जरा टोचावं, आणि गाडीने मान न झटकता वळण घ्यावं. हे सुख कोट्यधीशांपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतोय, पुढे काय दिसतं तुम्हाला?

शमिका_नाशिक

धागा आवडला, पण मुद्दा पटला नाही.

मी चौदा वर्षं बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसते. हात आखडला की माणूस काय करतो ते माझ्यासमोर घडतं. पहिली गाडी कोणी सोडत नाही. मुलांना शाळेत सोडायचं असतं, आईला दवाखान्यात न्यायचं असतं. हप्ता थकतो तो दुसऱ्या गाडीचा. २०२० च्या उन्हाळ्यात हौसेने घेतलेल्या गाड्यांचे मालक स्वतःहून येऊन विचारत होते, मॅडम, ही विकून कर्ज मिटवता येईल का? त्यात एक जण असा होता की गाडीची किल्ली टेबलावर ठेवून दहा मिनिटं नुसता बसून होता.

दोन सीटची गाडी जन्मतःच दुसरी गाडी आहे. ती पहिली होऊच शकत नाही. मग मंदीत कंपनीने तिच्यावर पैसे का घालावेत? त्याच पैशात शंभर माणसांचा पगार निघत असेल तर मी पगाराच्या बाजूने आहे.

वळणवेडा (पुणे)

शमिका, दुसऱ्या गाडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण गाडी विरुद्ध पगार हे मला पटत नाही. ती गाडी बनवणाऱ्यांचेही पगारच असतात.

नेकारकाठ (हाइलब्रॉन)

वळणवेड्यांच्या शेवटच्या वाक्याला आमच्या गावचाच दाखला आहे.

मी राहतो त्याच्या शेजारी नेकारझुल्म म्हणून गाव आहे. तिथे ऑडीचा मोठा कारखाना आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर फोक्सवॅगन तोट्यात गेली आणि हा कारखाना बंद होणार अशी परिस्थिती आली. एप्रिल १९७५ मध्ये तिथले हजारो कामगार हाइलब्रॉनपर्यंत चालत मोर्चा घेऊन आले होते. माझे घरमालक त्या मोर्चात होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण त्या दिवसाचं बोलायला लागले की चहा गार होतो.

त्याच सुमारास फोक्सवॅगनसाठी पोर्शेने एक परवडणारी स्पोर्ट्स कार तयार करून ठेवली होती. नवीन आलेल्या प्रमुखांनी, टोनी श्म्यूकर यांनी, मंदीत असली गाडी नको म्हणून प्रकल्प रद्द केला. पोर्शेने तो परत विकत घेतला आणि गाडी नेकारझुल्ममध्येच बनवून घ्यायचं ठरवलं. ती पोर्शे ९२४. दोन लिटरचं इंजिन फोक्सवॅगन-ऑडीच्या घरातलं, तेच कुळ त्यांच्या एलटी या मालवाहू व्हॅनमध्येही बसत होतं. सस्पेन्शनचे बरेच भाग बीटल आणि गोल्फचे. नाकं मुरडणाऱ्यांनी तेव्हा खूप नाकं मुरडली. पण पोर्शेला नवीन गिऱ्हाईक मिळालं आणि कारखान्याला काम.

म्हणून माझं मत असं की परवडणारी स्पोर्ट्स कार टिकवायची तर उसनवारी करावी. इंजिन याच्याकडून, गिअरबॉक्स त्याच्याकडून. सगळं स्वतः नवीन करायला गेलात की मंदीत ती पहिली कापली जाते.

रोहिडा

+१ नेकारकाठ. ९२४ ची ही गोष्ट माहीत नव्हती. घरमालकांकडून अजून ऐकून लिहा.

डेट्रॉइटकर (मिशिगन)

उसनवारीने गाडी वाचते हे मी माझ्या डोळ्यांनी खोटं पडताना पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी २००४ पासून इथे आहे. सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे डिझाइनमध्ये होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये एका मंगळवारी सकाळी दहाला आत बोलावलं, साडेदहाला खोका हातात. पार्किंगमध्ये बर्फ इतका होता की खोका टपावर ठेवून आधी गाडी उकरावी लागली. बायको सात महिन्यांची गरोदर. त्यामुळे मंदीबद्दल बोलताना मी पुस्तकातलं बोलत नाही.

त्या वर्षी १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. त्यांची पॉन्टिअ‍ॅक सॉल्स्टिस आणि तिची बहीण सॅटर्न स्काय या गाड्या तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांच्या होत्या. सॉल्स्टिस आली तेव्हा किंमत वीस हजार डॉलरच्या पाच डॉलर खाली लावली होती, मियाटाच्या थेट अंगावर. आणि उसनवारी म्हणाल तर तिच्या अंगाखांद्यावर सगळी उसनवारीच होती. पाच गिअरचा बॉक्स कंपनीच्या छोट्या पिकअप ट्रकमधला. मागचा डिफरन्शियल कॅडिलॅकच्या घरातला. इंजिन साध्या सेडानमध्ये बसणाऱ्या जातीचं. तरी ती मेली.

कारण बघा. सांगाडा तिचा स्वतःचा होता आणि कारखानाही, डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचा. त्या कारखान्यात शेवटी या दोघी आणि त्यांचे परदेशी भाऊबंद एवढंच बनत होतं. सगळं मिळून लाखाच्या आसपास गाड्या निघाल्या. एखादी एसयूव्ही किंवा सेडान त्याच लाइनवर असती तर लाइन चालू राहिली असती. जुलै २००९ मध्ये विल्मिंग्टन बंद झालं. पॉन्टिअ‍ॅक आणि सॅटर्न ही दोन्ही नावंच पुसली गेली. कॉर्व्हेट मात्र वाचली, कारण कॉर्व्हेटशिवाय शेव्हरलेची कल्पनाच तिथे कोणी करू शकत नव्हतं.

मला पुढे नोकरी लागली आणि २०११ मध्ये मी एक सॉल्स्टिस घेतली, चंदेरी, ५२ हजार मैल झालेली. अजून आहे. तिचं छत उघडायचं म्हणजे काय ते सांगतो. गाडी थांबवायची. खाली उतरायचं. मागचं सबंध झाकण आहे ते उलटं उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बंपरच्या बाजूला. त्याआधी कापडी छताच्या मागच्या दोन शेपट्या झाकणावरून सोडवायच्या. मग छत घडी करून डिकीत दाबायचं, पेट्रोलच्या टाकीचा उंचवटा मध्येच असतो त्याला चुकवून. मग झाकण दोन्ही हातांनी बंद करायचं. आता डिकीत एक दप्तर मावेल न मावेल. मित्राकडे १९९० ची मियाटा आहे. तो सिग्नलला उभा राहतो, मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन ओढतो, डोक्यावरचे दोन खटके काढतो आणि बसल्या जागेवरून छत मागे टाकतो. सिग्नल हिरवा व्हायच्या आत.

या एका गोष्टीत मला सगळं दिसतं. माझदात कोणीतरी रोज ती गाडी वापरून बघत होतं. सॉल्स्टिसचं रूप देखणं, अजूनही पेट्रोल पंपावर लोक थांबून विचारतात, पण ती घाईत बनली आणि घरात तिचं असं कोणी नव्हतं.

वळणवेडा, तेव्हा तुमचं 'गाडी कोणाची होती' हे मला तंतोतंत पटतं. नेकारकाठ, उसनवारी लागतेच, पण ती पुरेशी नाही.

नेकारकाठ (हाइलब्रॉन)

डेट्रॉइटकर, विल्मिंग्टनचा मुद्दा मान्य. नेकारझुल्मच्या आवारात ऑडीचंही काम होतं, नुसत्या ९२४ वर तो कारखाना उभा नव्हता. हे मी आधी लिहायला हवं होतं.

पण युरोपात आज जे चाललंय ते दोन्हींपेक्षा वेगळं आहे. इथे जीआर८६ आली तेव्हाच सांगितलं होतं की दोनच वर्षं विकणार. ब्रिटनचा पहिला कोटा दीड तासात संपला. मागणी नव्हती असं कोण म्हणेल? जुलै २०२४ पासून नवीन सुरक्षानियम लागू झाले, त्यात चालकावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा आणि बाकीची भर. त्यासाठी गाडी पुन्हा मुळापासून घडवावी लागली असती, आणि युरोपात जातील तेवढ्या थोड्या गाड्यांवर तो खर्च निघाला नसता. पेट्रोलची ७१८ सुद्धा इथून २०२४ मध्येच गेली, सायबरसुरक्षेच्या नियमामुळे. सुरक्षा नको असं माझं म्हणणं नाही. पण प्रत्येक नियमाचा खर्च दहा लाख गाड्यांवर वाटला तर गाडीमागे काही युरो पडतात, आणि दहा हजारांवर वाटला तर गाडीच परवडेनाशी होते. लहान गाडीचा गळा तिथे आवळला जातो. मंदी आली की त्या खर्चाला नाही म्हणायला कंपनीला निमित्त मिळतं.

शमिका_नाशिक

डेट्रॉइटकर, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. पुढे सगळं नीट झालं ना? बाळ?

डेट्रॉइटकर (मिशिगन)

हो, सगळं छान. मुलगी आता सोळा वर्षांची आहे आणि लर्नर परमिटवर गाडी शिकतेय. सॉल्स्टिसवरच क्लच शिकली.

चिबाची_पाहुणी (जपान)

मी २००८ ते २०१३ चिबाला होते, आता योकोहामात. ऑक्टोबर २००९ चा टोकियो मोटर शो आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर होता, माकुहारीच्या सभागृहात. नवरा गाडीवेडा, म्हणून गेलो.

आत शिरलो तर अर्धी जागा रिकामी वाटत होती. जर्मन नाहीत, अमेरिकन नाहीत, परदेशी म्हणून दोन-तीन छोट्या कंपन्या. खर्च नको म्हणून सगळ्यांनी पाठ फिरवली होती. आणि त्या ओस पडलेल्या शोमध्ये टोयोटाच्या स्टॉलवर एक लाल गाडी उभी होती, एफटी-८६. पुढे २०१२ मध्ये जी ८६ म्हणून आली, म्हणजे आताच्या जीआर८६ ची आधीची पिढी, तिचं पहिलं रूप. तिच्याभोवती मात्र माणसं तीन-तीन रांगांत. एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन नुसते बघत होते, त्यांनी फोटोही काढला नाही.

टोयोटा त्याच वर्षी कित्येक दशकांनंतर पहिल्यांदा तोट्यात गेली होती. तरी ती गाडी का थांबली नाही? एक म्हणजे सुबारूशी करार मंदीआधीच, एप्रिल २००८ मध्ये झाला होता आणि टोयोटाने त्या कंपनीतला आपला हिस्साही वाढवला होता. इंजिन सुबारूचं, बनवायची सुबारूच्या गुनमातल्या ओता इथल्या कारखान्यात. दुसरं म्हणजे जून २००९ मध्ये अकिओ टोयोडा अध्यक्ष झाले, ते स्वतः शर्यतीत गाडी चालवणारे. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी एक गोष्ट फार छान केली. नव्या ८६ ला प्रियसवर येणारेच टायर लावले. नवरा सांगतो की रुंद आणि महाग टायर नसल्यामुळे गाडी कमी वेगातही थोडी सरकते, चालवणाऱ्याला समजते, आणि टायर बदलायला पगार जात नाही. परवडणं हा गाडीच्या आखणीचाच भाग होता.

इथे याहून जुनी आठवणही आहे. होंडा बीट १९९१ मध्ये आली, सुझुकी कॅपुचिनोही त्याच वर्षी, माझदाची एझेड-१ १९९२ मध्ये. तिन्ही ६६० सीसीच्या आतल्या, ६४ अश्वशक्तीच्या, दोन सीटच्या. ठरवल्या तेव्हा जपानमध्ये पैशाचा पूर आला होता, बाजारात आल्या तेव्हा फुगा फुटला होता. बीट १९९६ ला बंद झाली. आमच्या गल्लीत एक पिवळी बीट आहे. मालक शाळेतले निवृत्त शिक्षक. दर रविवारी दारांच्या रबराला पावडर लावतात.

पेडगावचे_शहाणे

वाचतोय. फार दिवसांनी गाड्यांवर असा धागा आला.

मला एक कळत नाही. एवढं घाबरायचं कशाला? मियाटाचं एकूण उत्पादन एप्रिल २०१६ मध्येच दहा लाखांवर गेलं होतं. जगात एवढ्या गाड्या पडून आहेत. मंदीत त्या स्वस्त होतील. जुनी घ्या, नीट करा, वीस वर्षं चालवा. नवीन बनली नाही तर काय बिघडलं?

वळणवेडा (पुणे)

जुन्यावर माझाच जीव आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं गोड लागतं. पण एक अडचण आहे. माझ्या गाडीचा इंजिन माउंटिंगचा रबर गेल्या वर्षी गेला. मॉडेल बंद झालेलं. पुण्यात नाही, मुंबईत नाही, शेवटी कोइम्बतूरहून एकाने जुन्या गाडीतला काढून पाठवला, तोही अर्धा जीव गेलेला. माझ्या मेकॅनिकने, अन्वरभाईंनी, तो लेथवर बुश वळवून बसवून दिला. मी भाग्यवान, मला अन्वरभाई आहेत. ज्या गाडीची नवीन पिढी निघते तिचे जुने भागही कंपनी बनवत राहते. माझदा जपानमध्ये पहिल्या पिढीच्या मियाटाचे भाग अजून पुरवते, अगदी कापडी छतापर्यंत. नवीन मियाटा बंद झाली की ते किती दिवस चालेल?

डेट्रॉइटकर (मिशिगन)

पेडगावचे शहाणे, मीही जुनीच घेतली, त्यामुळे हे माझ्यावरही आहे. पण कंपनीच्या बैठकीत माझी सॉल्स्टिस मोजली जात नाही. आम्ही हजारो लोक फोरमवर प्रेमाने लिहितो, रविवारी एकत्र जमतो, आणि नवीन गाडी मात्र कोणी दुसऱ्याने घ्यावी अशी आशा करतो. तीन वर्षांनी स्वस्तात आपल्याला मिळावी म्हणून.

८६ चे अमेरिकेतले आकडे बघा. सायन या टोयोटाच्याच दुसऱ्या ब्रँडखाली एफआर-एस या नावाने २०१३ मध्ये १८ हजारांवर गेली. २०२० मध्ये तीच गाडी अडीच हजारांवर आली होती. तरी टोयोटाने दुसरी पिढी काढली आणि ती वर्षाला ११-१२ हजारांवर गेली. दर वेळी कोणी इतका धीर धरेल याची खात्री नाही.

मस्टँगचंही सांगतो, कारण १९७३ ची तुलना निघाली. मस्टँग टू सप्टेंबर १९७३ मध्ये आली, तेलबंदी ऑक्टोबरात. पहिल्या वर्षी तिच्यात व्ही८ इंजिनच नव्हतं. पिंटो या स्वस्त गाडीच्या अंगावर बेतलेली. तरी पहिल्या वर्षात ३ लाख ८५ हजारांच्या वर गेली. आज लोक तिला नावं ठेवतात, पण लोकांना परवडेल एवढी गाडी लहान करण्याचं धाडस तेव्हा झालं म्हणून मस्टँग हे नाव आज आहे. आताच्या कंपन्या उलटं करतात. खप घटला की किंमत वाढवतात, मर्यादित आवृत्ती काढतात, आणि तरुण गिऱ्हाईक कायमचं जातं.

बार्देसकर (म्हापसा)

भारतातल्या कोणी अजून सॅन स्टॉर्मचं नाव कसं काढलं नाही? आमच्या गोव्यात बनायची! १९९८ ची गोष्ट. सॅन मोटर्सची दोन सीटची उघडी गाडी, फायबरचं अंग, रेनोचं १.२ लिटरचं ६० अश्वशक्तीचं इंजिन. मी दहावीत होतो. पणजीला मांडवीच्या काठाने एक लाल स्टॉर्म हळूहळू जात होती आणि आम्ही तिघे एका सायकलवरून तिच्या मागे. मिरामारपर्यंत गेलो. घरी उशिरा पोचलो म्हणून मार खाल्ला, पण ती गाडी अजून डोळ्यासमोर आहे.

इंजिन छोटं होतं, पण गाडी हलकी होती आणि डोक्यावर आकाश होतं. कंपनी फार गाड्या विकू शकली नाही. आपल्याकडे तेव्हा पहिलीच गाडी घ्यायची लोकांची धडपड होती. शमिकाताई म्हणतात ती दुसरी गाडी कोणाच्या दारात होती?

वळणवेडा (पुणे)

बार्देसकर, जियो! स्टॉर्म मी फक्त फोटोत पाहिलीय.

यात एक पुण्याची जखमही लिहितो. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाला टाटांनी रेसमो दाखवली होती. दोन सीटची, इंजिन पाठीमागे मध्यावर, १.२ लिटर टर्बो, १९० अश्वशक्ती. मी तो व्हिडिओ ऑफिसमध्ये लपून तीनदा पाहिला. पुढे खर्चाला कात्री लागली आणि गाडी रस्त्यावर आलीच नाही. २०१८ ची टियागो जेटीपी मात्र खरी आली, साडेसहा लाखांच्या आत ११४ अश्वशक्ती. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि तीही गेली. आपल्याकडे परवडणारी वेगवान गाडी येते ती हॅचबॅकच्या पोटातून येते, आणि पुढच्या नियमाच्या उंबरठ्यावर अडखळते.

आकडेमोड

भारतात मियाटा का येत नाही याचा हिशेब मांडतो.

अमेरिकेत ती साधारण ३० हजार डॉलरची. म्हणजे २६ लाख धरा. पूर्ण बनून आलेल्या या किमतीच्या गाडीवर ७० टक्के आयात शुल्क, म्हणजे ४४ लाखांच्या वर. त्यावर ४० टक्के जीएसटी, ६२ च्या आसपास. मग रोड टॅक्स, विमा. रस्त्यावर यायला सत्तरी गाठेल.

गंमत बघा. मियाटाची लांबी ३.९ मीटर आहे, म्हणजे आपल्या चार मीटरच्या नियमात ती आरामात बसते. पण लहान गाडीचा १८ टक्के जीएसटी मिळायला पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत लागतं आणि तिचं सगळ्यात छोटं इंजिन १५०० चं. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे हे दर. ह्युंदाई आय२० एन लाइन ९९८ सीसीची, म्हणून ती १८ मध्ये. टाटांच्या अल्ट्रोझ रेसरचं ११९९ सीसीचं टर्बो इंजिनही या रेषेच्या आत बेतलेलं. आपली स्पोर्ट्स कार कशी असेल हे इंजिनिअरच्या आधी करपत्रक ठरवतं. इथे कोणी दोन सीटची गाडी बनवायची ठरवलीच तर ती १.२ टर्बो, चार मीटरच्या आत आणि चाकणला किंवा साणंदला एखाद्या हॅचबॅकच्या लाइनवर बनणारी असेल. डेट्रॉइटकरांनी विल्मिंग्टनचं जे सांगितलं ते इथेही लागू.

शमिका_नाशिक

आकडेमोड, तुमच्या हिशेबात कर्जाचा व्याजदर घाला. हौसेच्या गाडीला आम्ही इतकं मोठं कर्ज सहज देत नाही, मार्जिन म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वतःचा वाटा जास्त मागतो, कारण पुनर्विक्रीचा अंदाज येत नाही.

पण धागा वाचताना माझं मत थोडं हललंय. कंपनीने मंदीत अशी गाडी बनवू नये असं मी म्हटलं होतं. ८६ चं उदाहरण बघून वाटतं की दोघांनी खर्च वाटला आणि आहे त्या लाइनवर बनवली तर कोणाच्या पगाराला धक्का लागत नाही. मात्र गिऱ्हाइकाला माझा सल्ला तोच राहील. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय हौसेच्या गाडीवर सही करू नका. टेबलावर किल्ली ठेवून बसलेला तो माणूस मी विसरू शकत नाही.

चिबाची_पाहुणी (जपान)

शमिका, अगदी. आमच्या गल्लीतल्या त्या शिक्षकांनी बीट नवीन घेतली होती, १९९२ मध्ये. तेव्हा त्यांच्याकडे दुसरी गाडीच नव्हती, तीच पहिली आणि तीच एकुलती एक. बायकोला बाळंतपणासाठी त्याच गाडीतून नेलं असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. सांगताना गाडीच्या टपावर हात ठेवला होता.

डेट्रॉइटकर (मिशिगन)

गेले चार दिवस हा धागा रात्री बायकोला वाचून दाखवतोय. काल हिशेबाची वही काढून बसलो. शमिकाताई, सहा महिने नाही, वर्षभराचा खर्च बाजूला आहे. २००९ नंतर आम्ही ती सवय कधी मोडली नाही.

शनिवारी जीआर८६ बघायला गेलो. नवीन, सहा गिअरची, हाताने टाकायची. किंमत तीस हजारांच्या थोडी वर. नवीन गाडी आजवर एकदाच घेतलीय, ती मिनीव्हॅन. या वेळी मोजला जाणारा गिऱ्हाईक व्हायचंय. मागे दोन लहान सीट आहेत, म्हणून मुलीला ड्रायव्हिंग टेस्टला हीच नेता येईल. सॉल्स्टिस विकत नाहीये.

बुकिंगचे पैसे काल भरले. मार्चमध्ये येईल म्हणाले.

वळणवेडा (पुणे)

अभिनंदन! मनापासून. रंग कुठला?

डेट्रॉइटकर (मिशिगन)

मी निळा म्हणतोय, मुलगी लाल. बायकोचं मत अजून आलेलं नाही.